सगळ्याची कॉपी

बिश्केकमध्ये, त्सूमच्या दुसऱ्या मजल्यावर
माझं दुकान म्हणजे काचेचा दीड मीटर.
डावीकडे कव्हरं विकणारी जिपार, उजवीकडे जिना.

सगीनबेक बाइके आला तेव्हा जिन्यातले दिवे नुकते लागले होते.
"भाच्यानं उघडून दिला," म्हणाला,
आणि फोन रुमालातून काढला,
पोळ्याचा तुकडा काढावा तसा, कडेनं धरून.
भाचा कझानला गेला.
मागे राहिला हा रूट केलेला फोन,
मुळापर्यंत खणलेला, खड्डा न बुजवलेला.
रिकव्हरी अजून कंपनीचीच,
तिला एकच बोलणं येतं:
सगळं पुसून टाकू?

"कॉपी आहे?"
"कशाची?"
"सगळ्याची."
तो बराच वेळ सगळ्याचा विचार करत राहिला.
"सगळ्याची कुठे असते," म्हणाला.

केबल जोडली. एक ओळ टाइप केली.
चार सेकंदांत नवी रिकव्हरी आत गेली.
इथवर कुणालाही जमतं.
पण यानंतर फोन आपल्या सवयीच्या वाटेनं
एकदा जरी जागा झाला
तर जुनी परत येऊन बसते;
जाताना रुमाल टाकून जागा धरलेली असते तिनं.
म्हणून आवाज वाढवायचं बटण आणि पॉवर, दोन्ही एकत्र,
आणि लोगो दिसला की फक्त पॉवर सोडायची.
निमिष इकडं नाही, तिकडं नाही.

पहिल्यांदा चुकलं ते माझंच.
जिपारनं सुट्टे मागितले, मी मान वळवली,
तेवढ्यात लोगो, कंपनीची सुरावट,
आणि पडदाभर जाहिरात:
पाच मिनिटांत पन्नास हजार सोम, कागदपत्रांशिवाय.
"हीच," बाइके म्हणाला,
"पेट्यांना धूर देत असतो तेव्हासुद्धा येते."

आमच्या धंद्यात मेलेल्या फोनला वीट म्हणतात.
माझा बाप शहराबाहेर विटा पाडायचा,
भट्टीतून निघालेली प्रत्येक वीट बोटानं वाजवून बघायचा.
विटेला मेलेली म्हटलेलं त्याला खपलं नसतं.
मीही कधीकधी मेलेले फोन वाजवून बघते.
ते वाजत नाहीत.

दुसऱ्यांदा ओळ टाइप केली.
"मी धरू?" त्यानं विचारलं.
अंगठा डंखानं सुजलेला, नख मेणानं पिवळं.
मी नाही म्हणणार होते.
पण ज्याच्या बाहीवरून आख्खी वसाहत चालत जाते
त्याला हात न हलवणं येत असणार.
"धरा. मी सांगेपर्यंत."
जिपारही कव्हरं लावायची थांबली.
लोगो.
"पॉवर सोडा. वरचं नाही. वरचं नाही."
काळं.
काळं.
मग निळा पडदा, आणि त्यावर
कुलपाची नक्षी मागणारे नऊ ठिपके.
त्यानं ती काढली, मी जिन्याकडे बघितलं.

आता आधी कॉपी, मेमरी कार्डवर.
एकोणीस मिनिटं.
बूट गेलं, सिस्टिम गेली, डेटा हळूहळू चालला.
"फोटो फार आहेत," तो ओशाळून म्हणाला.
शरदात दारं बंद करण्याआधी प्रत्येक पेटीचा एक,
वसंतात कोण उरलं ते ताडून बघायला.
"सत्तावीस नंबरची तीन वर्षं उघडली नाही.
तरी तिचा काढतो."
मी काही बोलले नाही. बासष्ट टक्के झाले होते.

जाहिरातीचं मूळ सापडलं,
हवामानाच्या ॲपच्या पोटात; काढून टाकलं.
तीनशे सोम झाले.
त्यानं दोनशे दिले आणि एक बरणी काचेवर ठेवली.
निघताना जिन्याच्या पहिल्या पायरीवरून वळून विचारलं,
"कझानहून फोन आला तर लागेल ना?"
"लागेल. ते वेगळं असतं."
"वेगळं," असं म्हणत तो उतरत गेला.

आठ वाजता दिवा घालवताना दिसलं:
काचेवर अंगठ्याएवढा मधाचा डाग.
ठेवला तसाच.
सकाळी जिपार पुसेल,
तिला असलं काही लगेच दिसतं.